बंद पडलेला संगणक आणि ओलं इंधन

मागच्या वेळी आपण अनुमानावर बोललो. धूर दिसला की अग्नी आहे हे कशावरून म्हणायचं, व्याप्ती म्हणजे काय, ती कुठे फसते, वगैरे. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "सर, हे सगळं डोंगरावरच्या धुराचं झालं. आमच्या घरातून डोंगर दिसत नाही. घरातलं काहीतरी सांगा." तक्रार रास्त आहे. म्हणून आज घरातलंच उदाहरण घेतलंय. सकाळी उठून बटण दाबलं आणि कॉम्प्युटर नीट सुरूच झाला नाही.

आम्ही इंजिनिअर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पण बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात स्क्रू-ड्रायव्हरचं काम थोडं आणि अनुमानाचं काम फार. आणि अनुमानात आमची चाळीसेक वर्षं गेली आहेत, तेव्हा तेवढा अधिकार धरू.

प्रसंग आमच्याच घरचा आहे. विंडोज सेव्हनच्या काळातला एक टेबलावरचा कॉम्प्युटर होता. त्यात आमच्या आत्याबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दर सुट्टीत गावी जाऊन थोड्या थोड्या करून रेकॉर्ड केलेल्या. आत्या गेल्या, आणि त्यानंतर त्या ओव्यांची दुसरी प्रत करायची राहून गेली. का राहिली? आळस, दुसरं काय. अशात आम्ही तीनेक आठवडे बाहेरगावी गेलो, जाताना नेहमीप्रमाणे सगळे प्लग काढून ठेवले. परत येऊन बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी दोन ओळी आल्या, "पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा." आम्ही दाबलं. विंडोजचं चिन्ह आलं, क्षणभर थांबलं, आणि निळा पडदा. पुन्हा सुरू केला, पुन्हा चिन्ह, पुन्हा निळा पडदा. दुकानात नेला. तिथल्या मुलाने सुरू करून पाहिला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "काका, हार्डडिस्क गेली. नवीन टाकून विंडोज मारून देतो. जुना डेटा विसरा."

डेटा विसरा! आता या वाक्यापाशी आपण थांबू. त्या मुलाचं अनुमान बरोबर होतं का, हे पाहायचं तर हे यंत्र सुरू होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घ्यावं लागेल.

सुरू होण्याला आपण 'बूट होणं' म्हणतो. हा शब्द 'बूटस्ट्रॅप'वरून आला. बुटाला मागे एक पट्टी असते, ती ओढून माणसाने स्वतःला वर उचलायचं, अशी ती इंग्रजीतली कल्पना. म्हणजे अशक्य गोष्ट. आणि अडचण खरोखरच तशी आहे. कॉम्प्युटरमध्ये कुठलाही प्रोग्राम आणायचा तर तो आणणारा प्रोग्राम आधी तिथे हवा. मग तो कोणी आणला? त्याच्याही आधीच्या प्रोग्रामने. त्याला कोणी आणलं? आपल्याकडच्या तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. आणि त्यानेच स्वतःला आणलं म्हणाल तर आत्माश्रय. दोन्ही दोषच. सत्तरच्या दशकातल्या लोकांनी ही अनवस्था बोटांनी तोडली होती. १९७५ साली आलेला आल्टेअर ८८०० नावाचा छोटा संगणक होता, त्याच्या तोंडावर खटक्यांची रांग होती. ते खटके खालीवर करून माणूस पहिला छोटा प्रोग्राम हाताने आत घालायचा, मग तो प्रोग्राम पुढचा मोठा प्रोग्राम वाचून घ्यायचा. वीज गेली की पुन्हा सगळे खटके! आज ते खटक्यांचं काम एका चिपमध्ये कायमचं लिहून ठेवलेलं असतं. तिला आपण बायोस म्हणतो. नव्या यंत्रांत तिच्या जागी यूईएफआय आलं, पण दुकानात अजून बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

तर क्रम असा. तुम्ही बटण दाबता. भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय पूर्ण झोपलेला नसतोच, ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह आत चालू असतो. बटण दाबल्यावर तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मोठे पुरवठे उभे करतो, ते स्थिर झाले की मदरबोर्डला तसा निरोप देतो. तोवर प्रोसेसरला अडवून ठेवलेलं असतं. निरोप मिळाला की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरून पहिली आज्ञा उचलतो, आणि त्या पत्त्यावर बायोस बसलेला असतो. बायोस आधी हजेरी घेतो. रॅम आहे का, चित्र दाखवणारा भाग आहे का, कीबोर्ड आहे का. मग तो डिस्ककडे जातो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या घरात एक छोटा प्रोग्राम असे, नव्या पद्धतीत त्यासाठी डिस्कवर एक छोटी वेगळी खोलीच राखलेली असते. हा छोटा प्रोग्राम विंडोजचा गाभा उचलून आणतो, गाभा आपापले ड्रायव्हर आणतो, आणि मग कुठे तुमचं नाव आणि पासवर्डाची चौकट दिसते.

ही रिले शर्यत आहे. प्रत्येकाने दांडी पुढच्याच्या हातात द्यायची. शर्यत अडली तर पहिला प्रश्न 'काय बिघडलं?' असा विचारू नका. पहिला प्रश्न, 'दांडी शेवटची कोणाच्या हातात दिसली?' पंखाही फिरत नाही, दिवाही लागत नाही, तर दांडी पहिल्याच गड्याला मिळालेली नाही. भिंतीचा सॉकेट, वायर, पॉवर सप्लाय, दाबायचं बटण, एवढ्यातच शोधा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर हजेरीत कोणीतरी गैरहजर आहे. कंपनीचं नाव दिसलं आणि मग 'बूट करण्याजोगी डिस्क नाही' असं आलं, तर हजेरी पार पडली, डिस्कपाशी अडलं. बायोसमध्ये शिरून डिस्कचं नाव यादीत आहे का ते पाहायचं. नाव नसेल तर वायर किंवा डिस्क. नाव असेल तर डिस्क जिवंत असण्याची शक्यता आहे, तिच्यावरचं लिखाण बिघडलेलं असू शकतं. किंवा, हेही फार घडतं बरं का, मागे एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय आणि बिचारा बायोस त्याच्यावर विंडोज शोधत बसलाय.

काळ्या पडद्यापाशी जरा थांबू, कारण तिथे सर्वांत जास्त लोक फसतात. लोक म्हणतात, "काहीच दिसत नाही, म्हणजे कॉम्प्युटर चालत नाही." आता, 'दिसत नाही म्हणून नाही' हे ज्ञान कधी खरं? मीमांसकांनी आणि नैयायिकांनी यावर पुष्कळ खल केलाय. मीमांसकांतले भाट्ट याला अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत, ते भांडण आज बाजूला ठेवू. एका गोष्टीवर दोघांचं जमतं. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्यावरून ती नाही असं म्हणता येतं. टेबलावर घडा नाही हे उजेडात पाहून म्हणा, अंधारात म्हणू नका. कॉम्प्युटरच्या बाबतीत उजेड म्हणजे मॉनिटर. मॉनिटरला वीज आहे का? त्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का? वेगळं ग्राफिक कार्ड बसवलेलं असेल तर वायर त्या कार्डाला लावलीय की चुकून मदरबोर्डच्या भोकात? आमच्या माहितीत एका घरी घरकाम करताना वायर हलली होती, आणि मदरबोर्ड बदलण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. साधी परीक्षा म्हणजे कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे आत कोणीतरी जागं आहे.

मॉनिटर ठीक असूनही काळंच असेल तर पहिला संशय रॅमवर. आपल्याकडे धूळ आणि पावसाळी दमट हवा यांनी रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. दुकानदार ती काढून शाळेतल्या खोडरबरने पट्ट्या पुसतात आणि पुन्हा बसवतात. ऐकायला वैदूचा उपाय वाटतो, पण चालतो, आणि का चालतो तेही कळतं. फक्त आधी प्लग काढा, बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा, आणि रबराचा चुरा झटकून टाका. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. पहिली लावली, चालू. दुसरी लावली, बंद. पहिली त्याच खाचेत परत लावली, पुन्हा चालू. झालं की नाही? हाच अन्वय-व्यतिरेक. ते असताना हे आहे, ते नसताना हे नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात याच रीती इंग्रजीत मांडल्या.

पण यात एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम पुसली, त्याच दमात वायर बदलली, बायोसची सेटिंगही बदलली, आणि कॉम्प्युटर चालू झाला. मग कशाने झाला? कोणाला ठाऊक! आज सुटलात, पण महिन्याने पुन्हा अडलं तर पुन्हा शून्यापासून. घाईत आपण सगळे हेच करतो, आम्हीही केलंय.

आता आमच्या निळ्या पडद्याकडे परत येऊ. त्या मुलाचं अनुमान मांडून पाहा. निळा पडदा येतोय, म्हणून हार्डडिस्क खराब आहे. गेल्या वेळचं तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण आठवतंय का? धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही, कारण लाल तापलेल्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. त्या मुलाने नेमकं अग्नीवरून धुराचं अनुमान केलं होतं. निळा पडदा डिस्क खराब असताना येतो, तसा डिस्क धडधाकट असतानाही येतो. मग इथलं ओलं इंधन कोणतं? डिस्क खरोखर गेली असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरलाही धड वाचता येणार नाही. ही अट तपासल्याशिवाय 'गेली' म्हणायचं नाही.

आणखी एक. विंडोजचं चिन्ह पडद्यावर येत होतं ना? ते आलं कुठून? त्याच डिस्कवरून! दांडी डिस्कपर्यंत पोचली होती, डिस्कने ती पुढे दिलीही होती. डिस्क थोडी खराब असू शकते, एखादा भागच गेलेला असू शकतो, हे मान्य. पण 'डेटा विसरा' म्हणण्याइतका पुरावा तिथे मुळीच नव्हता.

आम्ही कॉम्प्युटर घरी आणला. एका विद्यार्थ्याकडे डिस्क यूएसबीला जोडायची वायर होती. डिस्क काढून त्याच्या लॅपटॉपला लावली. फोल्डर उघडला. आत्या होत्या. दुसरं काहीही करायच्या आधी सगळ्या ओव्या दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. त्याला जो वेळ लागला त्या वेळात आम्ही तिघंही फारसं बोललो नाही.

मग निवांतपणे बिघाड शोधायला बसलो. बायोस उघडला तर तारीख १ जानेवारीची, आणि साल कॉम्प्युटर घेण्याच्याही आधीचं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गेले काही महिने त्या कॉम्प्युटरचं घड्याळ सारखं मागे पडत होतं आणि आम्ही ते हाताने पुढे करत होतो! मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. प्लग काढलेला असताना घड्याळ त्याच्यावर चालतं, आणि जुन्या यंत्रांत बायोसच्या सेटिंगही तोच सांभाळतो. आमचा सेल मरायला टेकला होता. प्लग काढून तीन आठवडे ठेवल्यावर तो संपला, आणि सेटिंग पुसून कारखान्यातून आल्यासारख्या झाल्या. पडद्यावरच्या त्या दोन ओळी हेच सांगत होत्या. आम्ही न वाचता एफ-वन दाबलं. दुकानातही तेच झालं असणार, कारण तिथे नेताना प्लग पुन्हा निघालाच होता.

सेटिंग पुसल्याने निळा पडदा का यावा? डिस्कशी बोलण्याच्या दोन रीती त्या बोर्डावर होत्या, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. विंडोज बसवलं तेव्हा बोर्ड नव्या रीतीवर होता, त्यामुळे विंडोज सुरू होताना फक्त तिचाच ड्रायव्हर उचलत असे. सेटिंग पुसल्यावर बोर्ड जुन्या रीतीवर गेला. सुरुवातीचा प्रोग्राम बायोसच्या मदतीने डिस्क वाचत होता, म्हणून चिन्हापर्यंत सगळं ठीक. मग विंडोजच्या गाभ्याने कारभार हातात घेतला, स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्ककडे पाहिलं, तर समोरचा वेगळीच भाषा बोलतोय! ज्या डिस्कवरून आपण आत्ताच आलो ती डिस्कच सापडेना. निळ्या पडद्याच्या तळाशी शेवटी ७बी असा आकडा होता, त्याचा अर्थ नेमका हाच, 'ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तिथे पोचता येत नाही.' त्या मुलाने 'डिस्क' एवढाच शब्द ऐकला असावा. नवा सेल घातला, तारीख लावली, ती एक सेटिंग बदलली, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. सेल किराणा दुकानातसुद्धा मिळतो.

हा घरगुती मामला झाला. १९ जुलै २०२४ ला हेच जगभर एकदम झालं, ते तुम्हाला आठवत असेल. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामची एक सदोष फाइल अपडेटमधून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यांतली एकही डिस्क गेली नव्हती. विंडोज सुरू होतानाच तो प्रोग्राम लोड होई, ती फाइल वाचे आणि कोसळे. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये सुरू करायचं, म्हणजे गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन, आणि ती एक फाइल काढून टाकायची. सेफ मोड हा व्यतिरेकच आहे. बाहेरून आलेले सगळे बाजूला केले आणि यंत्र चाललं, तर दोष त्या बाजूला केलेल्यांपैकी कोणाचा तरी.

विंडोज दहा-अकरामध्ये सुरू होणं लागोपाठ दोन-तीनदा फसलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहा, मग स्टार्टअप सेटिंगमध्ये जाऊन चार आकडा दाबला की सेफ मोड. तिथे 'रीसेट' नावाचंही एक बटण आहे. त्याला हात लावण्याआधी तुमच्या फाइल दुसरीकडे आहेत ना, हे पाहा. नसतील तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावा, नाहीतर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइल उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपमध्ये मात्र डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते, बिटलॉकरने. मग फाइल काढायला, किंवा बायोसमध्ये मोठा बदल झाला तरीसुद्धा, ४८ आकडी किल्ली मागितली जाते. बहुधा ती तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. आज घरी जाऊन पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा. अडल्यावर शोधायला गेलात तर खात्याचा पासवर्ड त्याच बंद लॅपटॉपमध्ये असतो. अन्योन्याश्रय!

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. "डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर?" तर आज सांगितलेलं काहीही करू नका. फिरत्या तबकडीच्या डिस्कमधून तसा आवाज येणं म्हणजे आतला वाचणारा काटा अडखळतोय. प्रत्येक वेळी सुरू करून पाहिलंत की तबकडीवर आणखी ओरखडा उठण्याची भीती. तिथे एका वेळी एक बदल करून पाहणंही महागात पडतं. लगेच बंद करायचा, आणि आतला डेटा मोलाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्या खास माणसाकडेच न्यायचा. त्याला आधी विचारायचं, काही निघालं नाही तरी पैसे घेणार का. आणि डिस्क उघडायला लागली तर आम्हाला कळवल्याशिवाय उघडू नका, हेही सांगायचं.